त्या पानावर अव्वा कुठंय?

बालवाडीतलं सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक कपाट उघडल्याबरोबर ओळखू येतं. कोपरे दुमडलेले, पिना निसटलेल्या, मधल्या पानाला चिकटपट्टी. आमच्याकडे असं एक पुस्तक होतं, कुटुंबाची ओळख करून देणारं. मधल्या जोडपानावर सोफा. सोफ्यावर पेपर वाचणारे बाबा, चहाचा ट्रे घेऊन येणारी आई, बाजूला जपमाळ ओढणारी आजी, काठी टेकून बसलेले आजोबा, खाली गालिच्यावर एक मुलगा आणि एक मुलगी. चित्राखाली ठळक अक्षरांत: बाबा ऑफिसला जातात, आई स्वयंपाक करते.

एक साडेचार वर्षांची मुलगी ते पान रोज उघडायची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरातली. घरात ती आणि तिची अव्वा, म्हणजे आजी. आई पुण्याला कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी येणारी. वडिलांचा विषय त्या घरात निघत नाही. पानावरच्या एकेका माणसावर बोट ठेवत ती शेवटपर्यंत जायची आणि परत पहिल्यापासून सुरू करायची. एक दिवस तिनं विचारलं, "बाई, ह्यात अव्वा कुठंय?" मी जपमाळवाल्या आजीवर बोट ठेवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि मान हलवली. "ही न्हाई. हिच्याजवळ सूप न्हाई की."

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. सुपात मापानं कापलेली तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा. आमच्या पूर्व भागातल्या मुलांनी डोळे उघडल्यापासून आईला किंवा आजीला याच बैठकीत पाहिलेलं असतं. बोलणं, रागावणं, जवळ घेणं सगळं त्या सुपावरूनच चालतं. त्या मुलीला चित्रात आजी दिसत होती. तिची अव्वा मात्र दिसत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

मी बावीस वर्षं बालवाडीत शिकवलं. त्या दिवसापर्यंत ते पुस्तक मीही गुणगुणत वाचून दाखवत होते. "सांगा, तुमच्या घरी कोण कोण?" असं पुढे विचारत होते. उत्तर देताना काही मुलांचा आवाज मोठा व्हायचा, काहींचा खाली जायचा, काही मुलं चक्क खोटं बोलायची. "माझे बाबा पण ऑफिसला जातात," असं सांगणाऱ्या एका मुलाचे वडील तो पोटात असतानाच गेले होते. मला ते माहीत होतं, आणि मी नुसती हसून पुढच्या मुलाकडे वळले होते. आज मला त्याचं वाईट वाटतं. चार वर्षांच्या मुलाला आपलं घर पुस्तकात बसवण्यासाठी खोटं बोलावं लागलं, आणि ते काम मी त्याच्याकडून करून घेतलं.

लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकारची कुटुंबं दिसली पाहिजेत, असं मी म्हणते ते याच कारणानं. आपलं घर दुसऱ्यांना समजावून सांगायची जबाबदारी मुलावर पडू नये. ती पुस्तकानं घ्यावी, आणि मुलाच्या आधी घ्यावी.

आमच्या गावात कुठली घरं आहेत ते बघा. यंत्रमागाचा धंदा बसला की माणसं भिवंडीला जातात आणि बायकापोरं इथेच राहतात. मंगळवेढा-सांगोल्याकडची ऊसतोडीला गेलेली आई-वडील साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, दिसत नाहीत, पोरं आजोळी. कोरोनाच्या दोन वर्षांत ज्या घरांतली कर्ती माणसं गेली, तिथली मुलं काका-मामांकडे वाढताहेत. दारूपायी नवऱ्याला सोडून माहेरी आलेल्या बायका आहेत. दुसरेपणाची लग्नं आहेत, 'तुझी' आणि 'माझी' मुलं एका ताटात जेवताहेत. दत्तक मुलं आहेत. लग्न न केलेल्या दोघी बहिणींनी वाढवलेला भाचा आहे. कुंभारीला महिला विडी कामगारांसाठी उभी राहिलेली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत आहे. तिथे सकाळी एक चक्कर मारली तर घर कोण ओढतंय ते सांगायला कुणी लागत नाही. या सगळ्यांत चार भाषा मिसळलेल्या. 'अव्वा' हा शब्द एका घरात आईसाठी असतो आणि शेजारच्या घरात आजीसाठी. 'ही माझी आई' एवढं साधं वाक्य वाचून दाखवतानासुद्धा आमच्याकडे थांबून विचारावं लागतं.

सोफ्यावर पेपर वाचणारे बाबासुद्धा खरेच आहेत. त्यांचं चित्र काढून टाका असं मी म्हणत नाही. एकूण कपाटात तेवढं एकच घर असावं, यावर माझा आक्षेप आहे.

महाराष्ट्रात बालवाडी ज्यांनी रुजवली त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या दोघींची घरं कशी होती? ताराबाई नवऱ्यापासून वेगळ्या होऊन एकटीनं मुलीला वाढवणाऱ्या आई. अनुताई बालविधवा, लग्नानंतर काही महिन्यांतच कुंकू पुसलं गेलेल्या. बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी जे उभं केलं, त्याच्या जोरावर आज गावोगावच्या अंगणवाड्या चालल्या आहेत. 'माझं कुटुंब' या पानावर या दोघींपैकी एकीलाही जागा मिळाली नसती. बालशिक्षणातल्या माणसांनी हे मनाला लावून घ्यावं, असं मला फार वाटतं.

आता आक्षेपांकडे येते. पहिला नेहमीचा: एवढ्या लहान मुलांना हे काय कळणार, उगाच गोंधळ होईल.

सोलापूरच्या माणसानं तरी हा आक्षेप घेऊ नये. दर जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेत आपण संमती कट्ट्यापाशी उभे राहून अक्षता टाकतो. कुंभाराची मुलगी सिद्धरामांशीच, म्हणजे सिद्धेश्वरांशीच, लग्न करीन म्हणून हटून बसली, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायची अनुमती दिली, अशी ती कथा. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज, आणि बापाच्या खांद्यावर बसलेली तीन-चार वर्षांची पोरं मुठीत अक्षता धरून. पोर विचारतंच, "नवरा कुठंय?" आपण सांगतो, "तो दंड आहे ना, तोच." पोर मान डोलावतं आणि अक्षता टाकतं. शेकडो वर्षांत कुणाच्या मनात आलं नाही की यानं मुलांचा गोंधळ होईल. सरळ सांगितलेली गोष्ट मुलाला कळते. गोंधळ होतो तो मोठी माणसं आवाज खाली करून बोलू लागली की. 'हिचा बाप कुठंय' हा प्रश्न बालवाडीतली मुलं विचारतात तेव्हा त्यात काही नसतं. वर्षभरात घरून काही ऐकून आली की त्याच प्रश्नात विष येतं. म्हणून वय हाच मुद्दा असेल तर तो माझ्या बाजूचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आहे. अक्षर यायच्या आधी मूल चित्र वाचतं, आणि चित्रात कोण आहे, कोण नाही, हे मनात पक्कं करून टाकतं.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. हे सगळं बाहेरून आलेलं, आपल्याकडे असं नव्हतं. मला यावर राग येतो, कारण आपल्याच घरातलं विसरल्याशिवाय असं बोलता येत नाही. मराठी माणूस ज्या घराला सगळ्यात जास्त जीव लावतो ते आळंदीतल्या चार पोरक्या भावंडांचं घर आहे. आई-बाप नाहीत, गावानं वाळीत टाकलेलं, आणि धाकट्या मुक्तेनं थोरल्यांना समजावलेलं. आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची कान्होपात्रा गणिकेच्या पोटची, आईच्या घरात वाढलेली. तिचं झाड पंढरपूरच्या देवळात आहे, वारकरी त्याला हात लावून पुढे जातात. त्याच पंढरपुरात 1875 साली, टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांसाठी बालकाश्रम सुरू झाला. त्याच्या बारा वर्षं आधी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. पुढे एका विधवेचा मुलगा त्यांनी स्वतःचा म्हणून वाढवला, तो यशवंत. फुले दांपत्याचं घर म्हणजे दत्तक मुलाचं घर. त्यांचे फोटो आपण वर्गात लावतो आणि दत्तक मुलाची गोष्ट मात्र पुस्तकात नको म्हणतो.

आणि भैय्या चौकात स्मारक आहे ते डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 10 ऑक्टोबर 1910 चा त्यांचा जन्म, याच गावात. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केले, तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव यिन्हुआ ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 ला डॉक्टर गेले तेव्हा ते बाळ चार महिन्यांचंही नव्हतं. आपण शाळेत कोटणिसांचं बलिदान शिकवतो, आणि ते शिकवलंच पाहिजे. पण एखाद्या चित्रकारानं ही गोष्ट त्या बाळाच्या बाजूनं काढली तर? आईचा देश, बाबांचा देश, दोन्ही मिळून झालेलं आपलं नाव, आणि फोटोतले बाबा. आमच्या गल्लीत फोटोतले बाबा असलेली किती मुलं आहेत! सोलापूरच्या मातीतलं हे पुस्तक मला अजून कुठे सापडलेलं नाही, आणि ते कुणीतरी करावं अशी माझी मनापासून विनंती आहे.

सरकारच्या कागदानं सुद्धा आपल्या पुढं पाऊल टाकलं आहे. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाचं नाव लिहिताना आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. ही मुलं आता बालवाडीच्या दाराशी येऊन ठेपताहेत. 2022 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर चंदीगडच्या एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेचं प्रकरण आलं होतं. नवऱ्याला पहिल्या लग्नाची दोन मुलं, त्यांच्यासाठी हिनं बालसंगोपन रजा घेतलेली. म्हणून स्वतःचं पहिलं बाळ झालं तेव्हा ते तिसरं धरून प्रसूती रजा नाकारली. न्यायालयानं रजा द्यायला लावली आणि सांगितलं की आई-बाप आणि त्यांची मुलं एवढंच कुटुंब नसतं. पुनर्विवाहातून, दत्तकातून कुटुंबं होतात, लग्नाशिवायची नाती असतात, समलिंगी नाती असतात, आणि वेगळी आहेत म्हणून त्यांचं संरक्षण कमी होत नाही.

इथे बरेच जण थांबतात. एकटी आई चालेल, आजी चालेल, दत्तक चालेल, पण दोन आयांचं घर पुस्तकात नको, तृतीयपंथी माणूस नको. मी थांबत नाही, आणि का ते सांगते. आमच्या बालवाडीत एका मुलीला सोडायला रोज तिची आत्या यायची. तृतीयपंथी. वेणी घालून, डबा भरून, बरोबर वेळेवर. मुलीची आई आजारी, सगळं हीच बघायची. पालकांच्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. मुलांना मात्र ती आत्याच होती, कारण मुलीनं पहिल्या दिवशी 'ही माझी आत्या' असं सांगितलं होतं आणि मुलांना तेवढं पुरलं. त्या घराला पुस्तकात जागा नाकारायची तर मला त्या मुलीला तोंडावर सांगता आलं पाहिजे की तुझ्या आत्याचं चित्र काढण्यासारखं नाही. मला ते सांगता येणार नाही. दोन बायका मिळून मूल वाढवतात त्यांचंही तसंच. त्यांच्या लग्नाला मान्यता देण्याचा प्रश्न 2023 च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं संसदेवर सोडला. पण मूल शाळेत येतं ते संसदेचा निर्णय होईपर्यंत थांबून नाही. शिवाय चित्रात दाखवायचं काय असतं? कुणीतरी केस विंचरतंय, कुणीतरी ताप आल्यावर कपाळावर हात ठेवतंय. त्यापलीकडचं काही चार वर्षांच्या मुलाच्या पुस्तकात नसतंच, कुठल्याच घराबद्दल.

पालकांचा हक्क हा आक्षेप मी सगळ्यात गंभीरपणे घेते. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या माँटगोमेरी काउंटीच्या शाळांमध्ये अशा चित्रपुस्तकांवरून काही पालक न्यायालयात गेले. जून 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी, खटला चालू असेपर्यंत पालकांना मुलं त्या वाचनातून बाहेर काढू द्या, असं सांगितलं. त्या पालकांचा धर्म आणि त्यांची काळजी खोटी होती असं मला वाटत नाही. आईबापाला विश्वासात न घेता शाळेनं काही करू नये, हे मलाही मान्य आहे. आमच्याकडे नवं पुस्तक आलं की पहिल्यांदा पालकसभेत वाचतो, मग मुलांना. पण वर्ग डोळ्यांसमोर आणा. बाई पुस्तक उघडतात, आणि पाच मुलं उठून बाहेर जातात. ज्या मुलाचं घर त्या पुस्तकात आहे, ते मूल तिथेच बसलेलं असतं. आपल्या घराचं नाव निघालं की काही जणांना उठून जावं लागतं, हे ते बघतं. त्या मुलाच्या आईबापालाही काही हक्क असतील ना?

आता पुस्तकं कशी असावीत. मला उपदेशाची पुस्तकं नको आहेत. 'काही मुलांना बाबा नसतात, आपण त्यांच्याशी प्रेमानं वागावं' असलं वाक्य एखाद्या पुस्तकात आलं की मी ते कपाटात ठेवत नाही. पंचवीस मुलांचे डोळे एका मुलाकडे वळतात, आणि त्याला कळतं की आपण दया करण्यासारखे आहोत. हरवलेल्या शेळीची गोष्ट असावी, गोष्टीत शेळी सापडावी, आणि शेळीच्या मालकिणीच्या घरात आजी आणि नात एवढीच माणसं असावीत. त्यावर एक शब्दही नसावा. चित्रकाराच्या हातात केवढी ताकद असते! दाराबाहेरच्या चपला काढा. एक झिजलेली बायकी जोडी आणि एक इवलीशी, पट्टा तुटलेली. घरात कोण राहतं ते मुलं चपला मोजून सांगतात. दोरीवरचे कपडे, चुलीजवळच्या ताटल्या, भिंतीवरचा हार घातलेला फोटो. मुलं हे सगळं बघतात, आपण वाचताना पान उलटायची घाई करतो.

बालभारतीनं 2019 साली दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. त्याची बातमी झाली, चर्चा झाली, आणि कुठलंही घर मोडलं नाही. एका वडिलांनी मला सांगितलं, "पोरानं मेथीची जुडी आणून माझ्यापुढं टाकली ओ बाई." माझ्याकडचा पुरावा एवढाच, पण माझ्यासाठी तो पुरेसा आहे.

विकत मिळत नाहीत तोवर आम्ही स्वतः पुस्तकं केली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू, मागावरचं सूत, आणि चित्रं काढणारी शेजारच्या कॉलेजातली दोन मुलं. ती दोघं आधी एक सकाळभर गल्लीत बसली. त्यातल्या एका पानावर सूप घेऊन बसलेली अव्वा आहे आणि तिच्या पाठीला पाठ लावून नात.

हे पान मी त्या मुलीच्या अव्वाला दाखवायला घेऊन गेले होते. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिनं हात पुसून पान घेतलं, लांब धरून बघितलं. मग म्हणाली, "बाई, आमच्या घरातलं तुम्ही पुस्तकात कशाला घातलं? आता सगळ्यांना कळंल, हिची आई हितं ऱ्हात न्हाई."

मी तेव्हा निरुत्तर झाले. लाज ज्यांच्यावर लादली गेली, त्यांना ती झाकायचाही हक्क असतो, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या पानावरची पोर आम्ही बदलली. चेहरा, फ्रॉक, घराचा दरवाजा, सगळं दुसरं केलं, आणि तसंच आणखी तीन घरांचं केलं, म्हणजे ते पान कुण्या एकीचं राहिलं नाही. "तुझ्या घरी कोण कोण?" हा प्रश्न मी त्या दिवसापासून बंद केला. ज्याला सांगायचंय ते मूल पान बघून आपणहून सांगतं, ज्याला नाही ते नुसतं बघतं. अव्वाला बदललेलं पान पुन्हा दाखवलं. तिनं सुपावरून मान वर करून बघितलं, "कात्री डाव्या हातात काढलीय," म्हणाली, आणि परत विड्या वळायला लागली.